नॉर्मल आलेला सीटी आणि आईचा डावा हात

“सीटी नॉर्मल आहे. ब्लीडिंग वगैरे काही नाही. बीपी वाढलं होतं, गोळी लिहून देतो, घरी न्या.” कॅज्युअल्टीतले डॉक्टर आमच्याकडे न बघता म्हणाले. ते मोबाईलवर आलेला रिपोर्ट वाचत होते.

तेवढ्यात कॉटवरून आईनं मला जवळ बोलावलं आणि कानाशी लागून विचारलं, “बये, ह्यो हात कोनाचा हाय? मघापास्नं माझ्या अंगावर टाकलाय कुनीतरी. उचल की.”

तिच्या पोटावर तिचाच डावा हात पडला होता. मनगटात तिचीच बांगडी होती.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “घाबरलेले पेशंट बोलतात काहीबाही.” आणि पुढच्या कॉटकडे गेले.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. उद्या तुमच्या हातातही असाच एखादा नॉर्मल रिपोर्ट येईल आणि तुमचं माणूस समोर बिघडत जाताना दिसेल. तेव्हा कागदावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर शिर्डीपासून जवळच्या एका गावात. वडील नाहीत. घरात आई, आत्या आणि मी. आई शिर्डीत एका दुकानात हार ओवायला जाते. त्या सकाळी ओवता ओवता तिच्या मांडीवरची फुलं एका बाजूनं घसरायला लागली आणि तिला ते कळेना. उठून निघाली तर डाव्या खांद्यानं दुकानाच्या खांबाला धडकली. दुकानदारानं मला फोन केला. आम्ही तिला लगेच रिक्षात घालून तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. उशीर केला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर सगळे विचारतात, “लवकर का नाही नेलं?”

डॉक्टरांनी तिला हात वर करायला सांगितलं. तिनं उजवा केला. “आता दुसरा.” डावा जागचा हलला नाही. आई म्हणाली, “केला की.” अगदी खात्रीनं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. म्हणाले, “गुड.”

त्यांनी मान वर केली असती तर आजचा लेख वेगळा असता.

घरी आणल्यावर आत्यानं तिला भाकरी आणि पिठलं वाढलं. आईनं भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्ला, मधोमध रेघ मारल्यासारखा, आणि ओरडली, “वन्सं, एवढीच दिली व्हय? लेकीला चोरून ठिवली का?” डावी अर्धी भाकरी ताटातच होती. मी ताट फिरवलं. आई दचकली. “ही आता कुठनं आली?”

आरसा मागितला. उजव्या बाजूचे केस नीट विंचरले, डावे तसेच पिंजारलेले, आणि समाधानानं फणी ठेवून दिली. मग त्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या हातानं तो उचलून तिनं बाजूला सारला आणि पाहुण्याला सांगावं तशी म्हणाली, “जा रे बाबा आता तुज्या घरी. लई येळ झाला.”

भर दुपारचं ऊन होतं. तरी आत्या आणि मी दाराकडे सरकलो. आपल्याच आईची आपल्याला भीती वाटते, हे फार वाईट असतं.

“रूपे, हे बाहेरचं हाय,” आत्या म्हणाली. “एकाच अंगाला धरतं ते. मी बगितलंय.”

“आत्या, गप बस.”

“का गप? तुजं मशीनच म्हनतंय डोक्यात काय न्हाई. मग हे काय हाय? सांग की, लई पत्रकं वाटती ना!”

मी खरंच पत्रकं वाटते. गावोगावच्या जत्रांत आमची संघटना अंगात येण्याविरुद्ध बोलते. त्या पत्रकातलं एक वाक्य माझं होतं: ‘देवऋषीकडे नाही, स्कॅनला जा. मशीन खोटं बोलत नाही.’ आत्यानं ते वाक्य मलाच फेकून मारलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं गाडी ठरवली. मी भांडायला म्हणून सोबत गेले.

देवऋषीचं ठिकाण उसाच्या फडाला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. मला वाटलं होतं धूर, घंटा, आरडाओरडा असेल. तिथं शांतता होती. पंधरावीस माणसं भिंतीला टेकून बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्कॅन सेंटरचं मोठं पाकीट. पुढं एक तार ताणलेली. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्यावर फिल्म टांगल्या होत्या. कुणाची कवटी, कुणाचा मणका, कुणाच्या बरगड्या. मागून ऊन येत होतं आणि वाऱ्यानं ती माणसांची आतली अंगं हळूहळू हलत होती.

देवऋषी नवा पेशंट घेताना आधी फिल्म मागायचा. त्याचा नियमच होता. “मशीनमदी दिसतं ते डॉक्टरचं. दिसत न्हाई ते माजं.”

मी हबकले. आम्ही लोकांना स्कॅनकडे ढकलत होतो आणि हा माणूस स्कॅनच्या दारातून बाहेर पडलेले लोक गोळा करत होता.

आईची फिल्म तारेवर चढली. त्यानं उन्हात निरखली. “साफ हाय. म्हंजे माज्याकडचं.” आत्यानं हात जोडले. तो आईच्या डाव्या बाजूला येऊन बसला. “बाई, इकडं बगा.”

आईनं उजवीकडे पाहिलं.

“इकडं, इकडं.”

ती आणखी उजवीकडे वळली. रिकाम्या भिंतीला म्हणाली, “म्हाराज, पुडं या की. दिसंना तुमी.” तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. आवाज तिला ऐकू येत होता, पण ज्या बाजूनं तो येत होता ती बाजूच तिच्या जगातून गेलेली होती. शेडमधले सगळे बघत राहिले. देवऋषीनं लिंबू घेतलेला हात मागं घेतला. “ह्ये जरा अवघड हाय,” तो पुटपुटला. घाबरला होता तोही.

मी बाहेर येऊन एका डॉक्टर मॅडमना फोन लावला. आमच्या आरोग्य शिबिरांना त्या नगरहून येतात. मी भाकरी, केस, हात, सगळं सांगितलं.

“हा स्ट्रोक आहे, रूपाली.”

“पण मॅडम, सीटी नॉर्मल...”

“कधी काढला? त्रास सुरू झाल्या झाल्या ना? मग त्याच्या भरवशावर राहू नकोस. नगरला आण. आत्ता.”

मी फिल्म तारेवरून ओढून काढली. आत्या आडवी आली. मी म्हणाले, “आत्या, त्याला पण कळंना झालंय. तू बघितलंस ना त्याचं तोंड?” तिनं बघितलं होतं. आईच्या डाव्या बाजूला जाऊन तिनं तो हात पदरात धरला आणि गाडीत बसली.

नगरला एमआरआय झाला. बाहेरच्या बाकावर भिंतीतून मशीनची धडधड ऐकू येत होती, कुणीतरी आतून दार ठोठावतंय अशी. मग मेंदूच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. मेंदूच्या उजव्या भागात एक पांढरा ठिपका नव्हे, चांगला तळहाताएवढा पांढरा पट्टा. इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढच्या भागाचं रक्त तुटणं. उजवा मेंदू डावं अंग सांभाळतो. तो भाग गेला की हात लुळा पडतो, आणि कधी कधी तो हात आपला आहे ही जाणीवच जाते. डावं जगच पुसलं जातं. त्याला नेग्लेक्ट म्हणतात.

“मग सीटी चुकला का?” मी विचारलं.

ते म्हणाले, “नाही. अशा वेळी सीटी आधी एवढंच बघायला काढतात की रक्तस्राव आहे का. तो नव्हता. गुठळीचा स्ट्रोक साध्या सीटीवर पहिल्या तासांत दिसेलच असं नाही. तेव्हा पेशंटला तपासूनच ओळखायचा असतो.” मग म्हणाले, “थ्रोम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली.”

म्हणजे आम्ही वेळेत पोचलो होतो. इंजेक्शनची वेळ आमच्या डोळ्यांसमोर, कॅज्युअल्टीच्या कॉटवर गेली. ‘रक्तस्राव नाही’ याचं भाषांतर ‘काही नाही’ असं करून आम्हाला घरी पाठवलं. यात मशीनचा गुन्हा नाही. माणसाकडे न बघता मशीनला विचारणाऱ्यांचा आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. उतरवायचाही नाही.

म्हणून स्पष्ट सांगते. कुणी नॉर्मल म्हटलं की विचारा: काय नाही ते कळलं, पण काय असू शकतं? हा स्कॅन ते दाखवतो का? परत कधी तपासायचं? तोंड, हात, बोलणं, नजर यांतलं काही अचानक बदललं असेल तर रिपोर्ट हातात धरून तिथंच उभे राहा. उद्धट म्हटलं तरी चालेल. पत्रकातलं माझं ते वाक्य मी खोडलं. आता तिथं हे प्रश्न आहेत.

ज्यांनी फोन उचलला त्या मॅडमचे, आणि आईला रोज डावीकडून हाक मारायला आम्हाला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे उपकार आहेत. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ताट डावीकडे ठेवतो, डावीकडे बसतो, तो हात तेल लावून चोळतो. बरेच आठवडे आई त्याला ‘ह्यो’च म्हणायची. “ह्यो आज गार हाय. ह्याला घरी कुनी न्हाई का?” आम्ही हसायचो आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

परवा आत्या चहा देत होती. कप कलंडला आणि चहा सरळ त्या हातावर. आत्या जागच्या जागी थिजली. आईनं हात झटक्यानं, पण अर्धवटच, मागं ओढला आणि ओरडली, “डोळं फुटलं का वन्सं? माझा हात भाजला की!”

आत्या पाणी आणायला पळाली ती रडतच. शिवी खाऊन इतकं खूश झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.