चांदणी नसलेली ओळ

ग्लेनिस ट्रेथवे बाजाराची यादीसुद्धा चांदणी काढून संपवायची. अंडी, बटाटे, मेंढीचं मटण, आणि खाली एक चांदणी. नवरा मर्व्ह चिडवायचा, "चांदणी किती किलो आणू?" ती म्हणायची, "चांदणी दिसली तर यादी पुरी. नाही दिसली तर कागद फाटलाय, तसाच परत ये."

टास्मानियाच्या डोंगरातल्या वीजकेंद्रात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती चोवीस वर्षं, मी अकरा. आज दुरुस्तीला पाण्याच्या कुठल्या मोठ्या पाइपात माणसं उतरणार, याची यादी सकाळी छोट्या संगणकावर टाइप करायची आणि होबार्टच्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या संगणकावर, मेनफ्रेमवर, पाठवायची. तिथे ती छापली जाई, एक प्रत आमच्याकडे येई. पाणी सोडायचे व्हॉल्व्ह होबार्टहूनच फिरत. यादीत जो पाइप नाही, त्यात माणूस नाही असं धरलं जाई.

मेनफ्रेम एका ओळीत ऐंशी अक्षरं घेई. पुढचं सगळं मुकाट्याने गिळी. म्हणून ग्लेनिस लांब ओळ हाताने तोडायची, प्रत्येकीच्या शेवटी चांदणी टाकायची, आणि प्रत आली की चांदण्या मोजायची. लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेली. नवा साहेब डंकन लगेच माझ्या टेबलाशी आला.

"नोरीन, त्या चांदण्या काढून टाक. ओळी तोडत बसायचीही गरज नाही. नवा प्रोग्राम फाइल जशीच्या तशी पाठवतो."

"ग्लेनिसला एकदा विचारू या."

"तिला विचारत बसलो असतो तर निरोप द्यायला अजून कबुतरंच उडवत असतो."

मला भांडायचा कंटाळा आला. मी चांदण्या काढल्या.

ग्लेनिस परत आली तो मंगळवार होता. काठी भिंतीला टेकवून तिने आधी त्या दिवसाच्या यादीची छापील प्रत उचलली आणि ऐंशीवर खूण केलेली लाकडी पट्टी ओळीवर धरली.

"ही बरोबर ऐंशीवर संपतेय."

"मग बसली ना नेमकी?"

"अगं, काठावर संपलेली ओळ संपलेली नसते. चांदणी कुठाय?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे न बघता ओळ वाचत होती. पाइप एक, दोन, चार, आणि त्यांतल्या माणसांची नावं. मर्व्ह आमच्याच केंद्रात पाइप साफ करायचा, आणि त्या सकाळी तो पाचात गंज खरवडायला उतरला होता. पाच कुठेच नव्हता.

तिने होबार्टला फोन लावला. पलीकडे लायल नावाचा माणूस होता.

"पाच? तो रिकामा आहे. व्हॉल्व्ह आत्ताच फिरायला लागलाय."

"माझा नवरा आत आहे. बंद कर."

"पण बाई, यादीत तर..."

"खड्ड्यात गेली तुझी यादी! बंद कर आधी!"

व्हॉल्व्ह पुरता उघडायला नऊ मिनिटं लागतात. दुसऱ्या मिनिटाला तो थांबला. मर्व्ह कमरेपर्यंत भिजून, एक बूट गमावून बाहेर आला. कॅन्टीनमध्ये तो एकाच पायात बूट घालून चहा प्यायला बसला. मला तिथे बसवेना.

ग्लेनिस मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "या तीन आठवड्यांत आणखी काय पाठवलंस?"

पाइपांच्या तपासणीच्या सगळ्या जुन्या नोंदी मी टाइप करून पाठवल्या होत्या. कुठे भेग आहे, कुठे पाय ठेवायचा नाही. छोट्या संगणकावरच्या फाइली पाठवल्या की पुसल्या जात, आणि मूळ कागद डंकनने जागा मोकळी करायला रद्दीत घातले होते.

ती पट्टी घेऊन बसली. ऐंशीच्या काठावर संपणाऱ्या ओळी सहाशे बारा निघाल्या. त्यांपुढे काय होतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

सोमवारी मर्व्हची पाळी सहाव्या पाइपात होती. पाइपाच्या तोंडाशी लावलेली छापील नोंद त्याने मोठ्याने वाचली. "दुसऱ्या सांध्याला भेग, सातव्याला भेग. बस, एवढंच?"

ग्लेनिसने पट्टी लावली. बरोबर ऐंशी.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. चोवीस वर्षांत तिने हे कधी म्हटलं नसेल.

फोरमनने हाक मारली. मर्व्हने हेल्मेट चढवलं आणि तो उतरला. आम्ही दोघी तोंडाशी उभ्या राहिलो, आतून त्याचा आवाज येईपर्यंत. त्या दिवशी आवाज आला. अशा आणखी सहाशे अकरा ओळी आहेत.