अर्ध्या रजेचे दाजी

माझे दाजी दर वर्षी सहलीला गेले आणि ठरवलेल्या ठिकाणी एकदाही पोचले नाहीत. कन्याकुमारीला निघाले, ते गोकर्णाहून परत आले. जगन्नाथपुरीला निघाले आणि हैदराबादेत गाडी वळवली. काश्मीरची सहल राजस्थानातल्या एका ढाब्यावर संपली. त्या ढाब्याच्या बाजेवर आम्ही ओळीने बसलोय, मागे एक उंट तोंड फिरवून उभा आहे, असा फोटो अजून ताईच्या शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला दाजी तो ‘काश्मीरचा फोटो’ म्हणून दाखवायचे. उंटाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायचे, “तो वाटंत भेटला.”

याच्या मुळाशी त्यांचा एक नियम होता. रजा अर्धी संपली की जिथे असू तिथून गाडी वळवायची. “जायाला अर्धी, यायाला अर्धी. याच्यात न कळन्यासारखं काय हाय?” चौक गावाच्या नाक्यावर त्यांचं नळाच्या सामानाचं दुकान होतं आणि ते ठरल्या दिवशी उघडलं नाही तर सगळ्या खालापूर तालुक्याचं पाणी बंद पडेल, असा त्यांचा समज होता. नियमात तशी चूक काहीच नव्हती. चूक वेगात होती. दिवे लागले की दाजी गाडी चालवत नसत. बाहेरचा भात त्यांच्या पोटाला चालत नसे, म्हणून घरच्या तांदळाची गोण आणि स्टोव्ह बरोबर असायचा आणि दुपारी कुठल्यातरी झाडाखाली भात रटरटायचा. शिवाय वाटेवर ज्याचं घर असेल त्याच्याकडे न थांबता पुढे जाणं हा त्यांच्या मते अपमान होता. कन्याकुमारीला निघालेली आमची जीप पहिल्या दिवशी दुपारी खोपोलीत मावसबहिणीकडे जेवली आणि रात्री तळेगावात आतेभावाकडे झोपली. चौकजवळच्या लोधिवलीत घर असलेल्या माणसाला दीड तासावरच्या तळेगावात मुक्काम करायला वेगळीच जिद्द लागते.

सहलीआधी मात्र दाजी लोकशाही पाळायचे. ओटीवर सगळ्यांना बसवायचं, चहा मागवायचा आणि विचारायचं, “बोला, गाडीनं का विमानानं? ज्याचं त्यानं मोकळं बोलावं.” ही सभा चालू असताना अंगणात जीप धुऊन उभी असायची. तिचं तेलपाणी झालेलं, टाकी भरलेली आणि चाकांपुढे ठेवायची लिंबं बॉनेटवर मांडलेली.

ताई एकदा म्हणाली, “माझं मत कशाला इचारता? लिंबांनी दिलंय की.”

विमानाविरुद्ध त्यांचा युक्तिवाद ठरलेला होता. “विमान दोन तासांचं, खरं हाय. पन त्याच्या आदी दोन तास बसवून ठेवतात. त्याच्याबी आदी मुंबईतनं जायाचे तीन तास. आन उतरल्यावर? विमान काय देवळाच्या पायरीवर सोडतंय? तिथनं परत गाडीच. मंग गाडी इथनंच का नको?” त्यांची मुलगी मनीषा पुण्याला असते, बोलायला फटकळ. ती म्हणाली, “बाबा, आता पनवेलच्या पलीकडेच विमानतळ होतोय.” दाजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “मसणवटा जवळ हाय म्हून कोन लवकर जात नाय.”

ताईला विमानाची हौस लग्नाआधीपासूनची. मुंबईकडे उतरणारी विमानं आमच्या डोंगरांवरून जातात. अंगणात पापड वाळत घालताना आवाज आला की तिचा हात कपाळावर जायचा आणि विमान दिसेनासं होईपर्यंत तो खाली यायचा नाही. तिला एकच ठिकाण बघायचं होतं, कन्याकुमारी. तीन समुद्र एका जागी येतात ते बघायचं होतं, आणि तिथवर आभाळातून जायचं होतं. दाजी म्हणायचे, “कन्याकुमारी कुटं पळून चाललीय का?” ताई म्हणायची, “ती नाय पळत. आपन म्हातारे होतोय तेवढं बघा.”

आता माझ्याबद्दल. मी ताईचा धाकटा भाऊ, कर्जतला शाळेत शिकवतो. लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांच्या सहलीत माझी जागा कायमची, मागच्या सीटवर तांदळाच्या गोणीशेजारी. सभेत सगळ्यांचं बोलून झालं की दाजी माझ्याकडे वळायचे. “पावणं, तुमी शिकल्याले. तुमी काय म्हणता?” आणि मी दर वर्षी चष्मा पुसत म्हणायचो, “तसं बघितलं तर गाडीच बरी.” निसर्ग दिसतो, माणसं कळतात, असलं काहीबाही त्याला जोडायचो. ताई माझ्याकडे बघायची आणि कपबशा उचलायला लागायची.

शिक्षकांच्या खोलीत मी दाजींच्या नकला करायचो. खोपोलीचं जेवण, तळेगावचा मुक्काम, उंटाचा फोटो. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, अशा माणसाबरोबर तुम्ही जाता कसे? खरं उत्तर मी कुणालाच दिलं नाही, ते इथे देतो. मला विमानाची भीती वाटते. साधी नाही, हातपाय गार पडण्याची. दाजींचा हट्ट हा माझा आडोसा होता. त्यांच्या मागे उभं राहून मी त्यांनाच हसत होतो.

मग दाजींच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्या वर्षीच्या सभेत बॉनेटवर लिंबं नव्हती. दाजी चहा ढवळत म्हणाले, “मला दिसत नाय तर रस्ता काय आन आभाळ काय, सारखंच. मने, काढ तिकिटं. हिला कन्याकुमारी दाखवू.” ताईच्या हातातली किटली तशीच राहिली. मनीषाने फोन बाहेर काढलासुद्धा. आणि सवयीने दाजी माझ्याकडे वळले. “पावणं, तुमी काय म्हणता?”

मी चष्मा पुसला. म्हणालो, “विमानात हवेचा दाब बदलतो. डोळ्यांना सोसेल का, कोण जाणे. पुढच्या वर्षी बघू.”

हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. मनीषा म्हणाली, आधी विचारून तर बघू. पण दाजींचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता, किंवा मला तरी तसं वाटत होतं. ते म्हणाले, “पावणं सांगतात तर ऱ्हाऊ दे. म्होरच्या वर्षी.” ताई आत निघून गेली.

गणपती उठले आणि पंधरवड्यात दाजी गेले. दुकानातच, नळांच्या खोक्यांमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या. मी गेलो तेव्हा अंगणात जीप धुऊन ठेवलेली होती. बंदी होती ती चालवायची, धुवायची नव्हती.

वर्षश्राद्ध झालं आणि ताईने मला बोलावून घेतलं. मनीषाने दोन तिकिटं काढली होती. ताई म्हणाली, “मी चाललेय. तू येतोस का रं?” सभा नाही, चहा नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, “हवेचा दाब मला सांगू नकोस. माझे डोळे चांगले हायेत.”

मी खाली बघत म्हणालो, “ताई, मला भीती वाटते. पहिल्यापासून.”

“ठाऊक हाय. ह्यांनाबी ठाऊक होतं.”

“दाजींना?”

“मग काय. म्हणून तर दर साली शेवटी तुला इचारायचे. फार सोय झाली तुमा दोघांना एकमेकांची.” आणि पापडाचं पीठ मळायला लागली.

निघायच्या दिवशी तिने जीपपुढे नारळ फोडला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. जीप जागची हलणार नव्हती. पण विमानाच्या चाकापर्यंत आपल्याला कोण जाऊ देतंय, असं तिचं म्हणणं.

खिडकीची जागा अर्थातच तिची. विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटून पुढची सीट धरली होती. ती खाली बघत काय काय सांगत होती, रस्ते सुतळीसारखे दिसतात, आणि मधेच म्हणाली, हे असते तर ह्यातल्या निम्म्या घरांत चहाला उतरले असते. मी डोळे उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“सदा, अर्ध्यावर आलो रं,” ती म्हणाली. “वळवायचं का?”