चौथा 'का'

"हसू नका. ओ ताई, दात दिसतायत, दात! दमलेल्या दिसा."

पुण्याहून आलेला सर ओढ्याच्या काठावरून ओरडत होता. मी खाली चिखलात. डोक्यावर दोन हंडे, दोन्ही रिकामे. फोटो दोन काढायचे होते. 'आधी'च्या फोटोत मी दमलेली. 'नंतर'च्या फोटोत निळा पिंप लोटत हसणारी.

"साडी फार स्वच्छ दिसतेय," सर म्हणाला. फोटो काढणार म्हणून मी घरातली बरी साडी नेसले होते. त्याने कॅमेरावाल्या पोरीला खूण केली. तिने ओंजळभर चिखल उचलला आणि माझ्या पदराला फासला. "सॉरी हं ताई," म्हणाली.

मी फासू दिला. त्या सरला अहो-जाहो करणं मी त्या दिवसापासून सोडलं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमची बौद्धवाडी. माझा आवाज असा की मी वाडीत खाकरले तर पोलादपूर स्टँडवर कंडक्टर डबल बेल मारतो. म्हणून तर बचत गटाने महाडच्या शिबिराला मला पाठवलं. 'सामाजिक समस्यांसाठी सामाजिक नवोपक्रम'. बॅनर एवढा लांब, की एक टोक हॉलच्या दारात आणि दुसरं सावित्री नदीच्या पात्रात. चवदार तळं तिथून हाकेच्या अंतरावर. माझ्या हाकेच्या नव्हे, साध्या माणसाच्या.

खोटं कशाला बोलू, तिथे हा सर शिकवायचा चांगलं. समस्येचं झाड काढायचं. वर पानं, खाली मुळं. मूळ सापडेस्तोवर पाच वेळा 'का' विचारायचं. मला हे फार आवडलं. लहानपणी 'का' विचारलं की कानाखाली बसायची, इथे बिस्किटं मिळत होती.

मी रंगीत चिठ्ठ्या घेऊन फळ्यापुढे गेले. बायकांचा दिवस पाण्यात जातो. का? पाणी लांब. का? ओढा खाली दरीत. मग ओढ्यालाच का जाता? कारण गावची विहीर पाच मिनिटांवर हाय, पण आम्ही तिथं जात नाय.

"का?" हा चौथा मीच विचारला. आधीचे तीन सरने विचारले होते.

उत्तरही मीच लिहिलं. आता कोणी अडवत नाही. कायदा सगळ्यांना पाठ आहे. फक्त आम्ही भरून वळलो की मागे विहिरीचा कठडा धुतात. माझ्या सासूने लग्नानंतर एकदाच तिथे पाणी भरलं. पाठ फिरवली आणि मागे सपकन आवाज आला. ती परत कधी चढली नाही. मी तर एकदाही नाही. तिने सांगितलेला आवाजच मला पुरला.

सरने चिठ्ठी वाचली. नखाने हळूच सोलून काढली आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या कागदावर चिकटवली. त्या कागदावर लिहिलं होतं, 'पार्किंग'. जे विषय आत्ता नकोत ते तिथे लावायचे.

"हे जरा निगेटिव्ह होतंय, ताई. आपण दुसऱ्या 'का'वर काम करू. अंतर."

गाड्या पार्क करतात हे ठाऊक होतं. जातही करतात, हे तिथे कळलं. हॉलभर शिकलेली माणसं. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. डबल बेलवाली मी. तोंडात बिस्किट होतं, ते गिळलं.

त्या दुसऱ्या 'का'तून निघाला हा पिंप. आडवा, दांडा लावलेला, जमिनीवरून लोटत न्यायचा. त्याला बक्षीसही मिळालं. एकदा माझ्या हातून सुटला तो कशेडी घाटात एसटीला ओव्हरटेक करून गेला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे करवंदीच्या जाळीत अडकला होता.

तर मी चिखलात उभी. पदराला चिखल. आणि लख्ख दिसलं. या पिंपाने पाणी आणणं सोपं केलेलं नाही. विहिरीवर न जाणं सोपं केलंय. आता आणखी शंभर वर्षं आम्ही ओढ्यालाच जाणार, लोटत लोटत, हसत. त्यांना कठडा धुवायचेही कष्ट नाहीत.

आणि दर मार्चला आम्हीच पांढऱ्या साड्या नेसून चवदार तळ्यावर जातो. घसा बसेस्तोवर घोषणा देतो. घरी येऊन ओढ्याचं पाणी पितो. सरची किळस आली होतीच. आता स्वतःचीही आली.

"चला, 'नंतर'चा घेऊ," सर म्हणाला. "पिंप लोटत या. आता हसा."

मी लोटला. वाडीपाशी थांबले नाही. वाडी ओलांडून वर.

"ताई, कुठे चाललात? फ्रेम सोडून जाताय."

विहिरीवर वरच्या आळीतली काकी हंडा भरत होती. मी दोर सोडला. पिंपाला डझनभर पोहरे लागले. तिने आपला हंडा बाजूला ओढला. पिंप भरला तरी मी निघाले नाही. चिखलाच्या पदरासकट कठड्यावर बसले.

"झाला ना गो भरून?" काकी म्हणाली.

"झाला."

"मग जा की."

"तुम्हाला कठडा धुवायचा हाय ना काकी? धुवा. मी कधी बघितला नाय धुताना."

तिच्या हातात तांब्या होता. तो तिने हंड्यावर पालथा घातला. मग हंडा उचलून गेली. लाजली असं समजू नका. उद्या धुवेल. उद्याही मी बसेन.

सर धापा टाकत वर पोचला होता. "ताई, हे आपल्या प्रकल्पात बसत नाही."

"पार्किंगला लावा," मी म्हटलं.

घरी सासू उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे पिंप उभा केला.

"आत्या, उद्यापासनं पाणी वरच्या विहिरीचं. रोज. त्यांना कठडा धुवायचाच असंल तर माझ्या तोंडावर धुतील. मी उठणार नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पिंपाकडे पाहिलं, दांड्यापासून बुडापर्यंत.

"मग कळशी बास हाय," ती म्हणाली. "ह्यो कशाला?"