उंबऱ्याबाहेरचं ताट

केडगावला सायकलचं पंक्चर काढून घेत होतो, तिथे शाळेचा शिपाई धापा टाकत आला नि म्हणाला, "शामुवेल मास्तर गेले." विषमज्वर. सकाळीच ऐकलं होतं, उतार पडतोय म्हणून... शामुवेल माझ्या शेजारच्या वर्गाचा मास्तर. बोलायला लागला की मुख्याध्यापकही घंटा द्यायचं विसरत.

महायुद्धाच्या दिवसांत त्याच्या हाती एक इंग्रजी कादंबरी लागली, सुटका झालेल्या गुलामांची. गुलामांना कामाला उठवणारी मळ्यावरची घंटा केव्हाच मोडीत निघालीय, तरी त्यातला म्हातारा रोज पहाटे दचकून उठतो नि अंगणात येऊन उभा राहतो. शामुवेल मुलांना विचारायचा, "घंटा कुठाय आता?" मुलं म्हणत, मोडीत. "नाही रे, म्हाताऱ्याच्या छातीत आहे." प्रतीक म्हणजे काय, ते मला त्याच्यामुळे कळलं.

तसा म्हातारा त्याच्या घरातच होता. त्याचे वडील संगमनेरकडच्या एका गावात वेसकर, वेशीची राखण करणारे महार, होते. घुंगरांची काठी आपटत दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून भाकरी घ्यायची. लहानगा शामुवेल त्यांचं धोतर धरून सोबत असे. पुढे बाप्तिस्मा झाला, लेक मास्तर झाला, नगरात बिऱ्हाड केलं; पण बाबा ताट घेऊन उंबऱ्याबाहेरच बसायचे, काठी शेजारी. बापाने एकदा तरी आपल्या पंगतीला बसावं, एवढंच शामुवेलला हवं होतं. तो विनवायचा, बाबा हसायचे. "आसू दे. हितंच ग्वाड लागतं."

एक दिवस त्याचं डोकं फिरलं नि त्याने काठी चुलीत घातली. छातीतली घंटा सगळ्यांना समजावणारा हा शहाणा, बापाच्या बाबतीत मात्र काठी जळली की सुटलो असं समजला! त्या संध्याकाळीही बाबा बाहेरच बसले. शामुवेल न जेवता उठला. पुढे त्या कादंबरीचं नाव त्याने काढलं नाही.

परवा चर्चमधल्या उपासनेनंतर शामुवेलच्या घरी गेलो. वहिनींनी आत पाट मांडला होता. बाबा बाहेर, पुढ्यात ताट. मी म्हणालो, "बाबा, आत चला. शामुवेलची केवढी इच्छा होती..."

"म्हाईत हाय, मास्तर. गेल्तो की एकदा आत. त्यो तापात हुता तवा. खाटंजवळ ताट घिऊन बसलो, घास मोडला. म्हनलं, शामू, बघ रं, आत बसलोय. त्याला वळखच न्हाई पटली. वाड्यावरच्या पाटलासारखा म्हनला, येसकर आलाय, भायेर वाढा त्याला."

मला देवाचा राग आला. ताटातली भाकरी तशीच होती. मी चपला काढल्या नि उंबऱ्याबाहेर, त्यांच्या शेजारी बसलो.