शेवटच्या खांबाची टोपी

त्याला सगळे दणका म्हणत. आधी हात, मग तोंड, असा त्याचा एकूण कारभार. तरुणपणी त्याने उभ्या केलेल्या कुंपणाच्या लाकडी खांबांवर एका ठेकेदाराने वरून खिळे ठोकून टोप्या बसवल्या. दणक्याने त्याचा जबडा मोडला, आणि वरून खिळा मारला की त्याच भोकातून पाणी आत शिरतं, हे त्या रक्ताळलेल्या तोंडाला नंतर निवांत समजावून सांगितलं. या शिकवणीपायी तो तुरुंगात गेला. आई नसलेली त्याची लेक शेजाऱ्यांच्या दारात वाढली.

सुटल्यावरही त्याने कुंपणंच केली. "आज कुणाला टोपी घातली?" असं लोक चिडवत. तो हसायचा, पण आधी हातातला लाकडी हातोडा खाली ठेवायचा. स्वतःच्या हाताचा त्याला मुळीच भरवसा नव्हता.

मग एका सकाळी लेक नवऱ्याच्या घरून परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला, कानामागचे केस उपटलेले. दणक्याने कुऱ्हाड उचलली. लेकीने दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, माझी शपथ आहे तुम्हाला. त्याच्यावर हात उचलायचा नाही."

"उभा चिरतो त्याला!"

"चिरा. मग तुम्ही आत, आणि तो मला केसाला धरून फरफटत नेणार. तेव्हा लहान होते म्हणून शेजाऱ्यांनी सांभाळलं. आता कोण सांभाळेल?"

त्याने लाथेने स्टुलाचे तुकडे केले. मग म्हणाला, "बरं."

राग कुठेतरी काढायला हवाच होता, म्हणून त्याने स्वतःच्याच घराला छातीइतकं कुंपण घालायला घेतलं. टोप्या निवडायला लेक बसली. चपट्या तिने बाजूला सारल्या, त्यांच्यावर पाणी साचतं. पत्र्याच्या जरा लागलं की चेपतात. शेवटी चारी बाजूंनी उतरत्या, खांबापेक्षा बोटभर रुंद अशा लाकडी टोप्या ठरल्या, म्हणजे पाणी खांबाला न लागता बाहेरच गळेल. खाली डिंक, खिळे बाजूने, आणि वरून हातोड्याचे बेताचे ठोके. लेक डाव्या हाताने ठोकायला शिकली.

"हलक्या हाताने गं," दणका म्हणायचा. "टोपी बसवायची आहे, डोकं फोडायचं नाही. आणि ओल्या लाकडावर कधी बसवू नकोस. ओल कोंडली की खांब आतून कुजतो."

फाटकाजवळचा शेवटचा खांब तेवढा उघडा राहिला होता, लेक हातोडा घेऊन त्याच्याशी उभी होती, तेव्हा जावई आला.

"ए म्हाताऱ्या, ही असली बायको गळ्यात मारून टोपी घातलीस ना मला?"

दणक्याने खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. पहिला ठोसा डोळ्यावर बसला, दुसरा नाकावर. रक्त खांबाच्या उघड्या डोक्यावर सांडलं आणि लाकूड ते पिऊ लागलं. आयुष्यात कुणाचा फटका उधार न ठेवलेला हा माणूस, तिसऱ्या ठोशाला दात हलला तरी नखं लाकडात रुतवून उभा राहिला. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती.

"मार! अजून मार! पण आत पाऊल टाकू नकोस!"

जावई हसला. खांबाच्या डोक्यावर पंजा टेकवून त्याने चढायला पाय उचलला आणि दुसऱ्या हाताने लेकीचं प्लास्टर धरून पिळलं. ती किंचाळली. दणक्याची मिठी सुटली, मूठ वर गेली.

त्याच्या आधी हातोडा आला. डाव्या हाताचा, पण सगळ्या अंगाच्या जोराचा. पंज्याची हाडं मोडल्याचा आवाज झाला. जावयाने हात ओढून घेईपर्यंत तिने त्याच जागी पुन्हा हाणला, आणि पुन्हा. तो बाहेरच्या बाजूला कोसळला, उठला आणि लोंबणारी बोटं पोटाशी धरून ओरडत, शिव्या देत पळाला.

दणक्याची मूठ अजून वरच होती.

"अगं, शपथ घातली होतीस ना?"

"तुम्हाला घातली होती, बाबा. मी कुठे घेतली होती?"

तिने त्याची वळलेली मूठ खाली ओढली, एकेक बोट सोडवलं आणि हातात शेवटची टोपी ठेवली. त्याने खांबाच्या डोक्यावरून तळवा फिरवला. तळवा लाल झाला.

"थांब पोरी," तो म्हणाला. "अजून ओलं आहे."