मधली ओळ

संगीताच्या बाईंना शाळेत दोन नावं होती. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'भुंगा'. दुसरं नाव त्यांना ठाऊक नाही असं मुलांना वाटायचं, आणि ठाऊक आहे हे बाईंनी कधी कळू दिलं नाही. नाव मात्र चपखल होतं. व्हरांड्यात बाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. म्म्म्, म्म्, म्म्म्. ओठ मिटून, नाकातून, जिना चढताना, कपाटाची किल्ली शोधताना, हजेरी घेताना दोन नावांच्या मधल्या जागेतसुद्धा. शिक्षकांच्या खोलीत त्या चहा ढवळायला लागल्या की भूगोलाचे सर म्हणायचे, "अहो बाई, तुमचं बटण कुठे असतं हो? जरा दाबतो." सगळे हसायचे. बाईही हसायच्या, आणि हसून झालं की जिथे थांबलं होतं तिथूनच म्म्म् सुरू.

ही सवय आईच्या आजारपणातली. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आणि बाई स्वयंपाकघरात. भांडं ठेवलं की आतून आवाज यायचा, "आहेस का गं?" "आहे गं." नळ बंद केला की पुन्हा, "आहेस का?" "आहे, आहे." शेवटी बाईंनीच युक्ती काढली. काम करताना गुणगुणत राहायचं. आवाज येतोय तोवर लेक घरात आहे. आई निवांत डोळा लावायची. असं कितीतरी वर्षं चाललं. मग आई गेली, कॉट गेली, औषधांचा वासही हळूहळू गेला. गुणगुण तेवढी राहिली. दोन खोल्यांच्या त्या घरात आता कुणी विचारत नव्हतं, तरी बाई सांगत होत्या, आहे गं, आहे.

नाही म्हणायला धाकट्या बहिणीचा रविवारी फोन यायचा. "ताई, जेवलीस का, काय केलंस, एकटीसाठी काय करणार म्हणा, तब्येत बरी ना, बरीच असेल, बरं ऐक ना, मला जरा बाहेर जायचंय, ठेवू?" एवढं एका दमात. प्रश्नही तिचे, उत्तरंही तिचीच. बाईंच्या वाट्याला शेवटचं "ठेव" यायचं.

म्हणून वाद्यवृंद. तळमजल्याच्या टोकाला, जिथे पूर्वी खेळाचं सामान ठेवत, त्या खोलीत रोज शेवटच्या तासाला बासऱ्या, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, खर्जात घुमणारा एक अगडबंब ट्यूबा आणि ढोल-झांजांचं लटांबर जमायचं. दिवसातला तेवढा एकच तास असा, की बाईंनी हात वर केला आणि पंचवीस-तीस माणसं त्यांच्याकडे बघायला लागली.

तोच तास आता जायची वेळ आली होती, आणि तीही बाईंच्या तोंडापायी.

वर्षातून एकदा आसपासच्या सगळ्या शाळांच्या वाद्यवृंदांचं मूल्यमापन व्हायचं. स्पर्धा नव्हे. तिथे कुणी पहिलं नाही, कुणी दुसरं नाही, ज्याला त्याला आपापली श्रेणी. मोठ्या सभागृहात मागच्या रांगांमध्ये तीन परीक्षक एकमेकांपासून लांब बसायचे. प्रत्येकासमोर छोटा दिवा, हातात रेकॉर्डर. मुलं वाजवत असतानाच ते रेकॉर्डरमध्ये कुजबुजत राहायचे, आणि ती कुजबुज नंतर शाळेला ऐकायला मिळायची. स्वर किती सच्चा, लय किती पक्की, वाद्यांचा आपसातला तोल कसा, सगळं त्यात. तिसऱ्या परीक्षकांना तर बारमाही सर्दी असावी. "बासऱ्या किंचित चढ्या... हां, आता बऱ्या... ट्रम्पेट, अरे बाबा, सावकाश, गाडी सुटत नाहीये... फार गोड, फार गोड... हे कोण गुणगुणतंय? ... संचालक गुणगुणताहेत. ... कृपया गुणगुणू नये."

लागोपाठ दोन वर्षं 'उत्तम' श्रेणी हुकली होती ती या गुणगुणण्यामुळे. पोरांनी ते वाक्य पाठ करून टाकलं. डबा खाताना कुणी मचमच केली की लगेच चोंदलेल्या नाकाने, "कृपया गुणगुणू नये."

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. मुख्याध्यापिका बोलायला लागल्या की प्रत्येक वाक्याला एक खुंटी ठोकायच्या. "म्हणजे बघा, मला संगीत आवडतं. म्हणजे बघा, कुणाला नाही आवडत? पण वरून विचारतात. यंदाही 'उत्तम' नाही आली तर, म्हणजे बघा, तो तास मला संगणकाला द्यावा लागेल. आणि तुमचं म्हणाल तर ग्रंथालयात माणूस हवाच आहे."

"ग्रंथालयात?"

"शांत जागा आहे हो."

"मुलं चांगलं वाजवतात हो. त्यांची काय चूक?"

"तेच म्हणतेय मी. म्हणजे बघा, तोंड तुमचं आहे. मिटून ठेवा."

मिटलेलंच तर असतं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ओठ मिटलेले होते.

मग सुरू झाले प्रयोग. आधी खोकल्याची गोळी. ती जिभेखाली ठेवून बाई गुणगुणल्या आणि गोळी दातांवर खडखडली. मग जीभ दातांत धरून पाहिली. जीभ सुजली, म्म्म्चं न्न्न् झालं. शेवटी एक दिवस बाईंनी घोटभर पाणी तोंडात धरलं, गाल फुगवले आणि हात वर केला. पहिल्या रांगेतल्या बासऱ्यांची वाजवण्याआधीच हसून मुरकुंडी वळली. तरी धून सुरू झाली. बरीच पुढे गेली. आणि मग आलाच तो आवाज, पाण्यातून, किटली उकळल्यासारखा. तेवढ्यात झांजवाल्याने जीव खाऊन झांज आदळली. पाणी भलतीकडे गेलं. बाईंना असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी. "थांबू नका!" असा हात करत त्या दाराबाहेर पळाल्या आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून खोकत राहिल्या.

खोकला थांबला. आत मुलं वाजवत होती. बाईंनी पहिल्यांदाच आपला वाद्यवृंद आपल्याशिवाय ऐकला.

वर सूर होता, झळझळीत. त्याच्या खाली त्याची साथ होती. सगळ्यात खाली ट्यूबा डुलत चालला होता. आणि मध्ये काहीच नव्हतं. समोरचा दात पडलेल्या माणसाने हसावं तशी ती धून हसत होती.

बाईंना कळायला वेळ लागला नाही. धून चार ओळींची, चारही एकाच वेळी वाजणाऱ्या. तिसरी ओळ, मधली, तिसऱ्या क्लॅरिनेटची. ती वाजवणारी मुलगी वडिलांच्या बदलीबरोबर केव्हाच शाळा सोडून गेली होती, आणि तिच्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना सूर हवा. मधल्या ओळीला ना टाळी, ना नाव. ती ओळ बाई स्वतःच म्हणत होत्या, नाकातून, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या धुनींमध्ये, नेमकी तीच जागा. परीक्षकांना गुणगुण ऐकू येत होती, भोक ऐकू येत नव्हतं. आता बाई गप्प बसल्या तर भोक ऐकू येणार. गुणगुणल्या तरी तास जाणार, न गुणगुणल्या तरी जाणार.

पहिल्या क्लॅरिनेटवर एक मुलगी होती, तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. कुणाचीही नक्कल करायची. मोठ्या बाईंची 'म्हणजे बघा' तर अशी, की एकदा शिपाईदादा हातातला चहा घेऊन तिच्यासमोर उभे राहिले होते. धुनीतला एकल तुकडा, एकटीने वाजवायचा, तिचा होता. बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"तुला मधली ओळ घ्यावी लागेल."

"मी? माझा एकल तुकडा?"

"तो शेजारची वाजवेल."

"तिला फुंकता येतं का बाई! बदकाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाजवते." मग रडवेल्या तोंडाने, "मधली ओळ ऐकू तरी येते का कुणाला? माझी आई येणारे ऐकायला. तिला काय सांगू, मी कुठली ते?"

"ऐकू येत नाही खरी," बाई म्हणाल्या. "नसली की मात्र येते."

रेडिओने दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा आणि क्लॅरिनेट घेऊन दारात हजर. "चला, शिकवा तुमची ओळ."

त्या मधल्या सुट्ट्या बाईंना फार आवडल्या. दोघी बाकावर समोरासमोर बसायच्या. बाई एक तुकडा गुणगुणायच्या, पोरगी घास गिळून तो वाजवायची. डब्यातलं न विचारता बाईंच्या झाकणात वाढायची आणि वर ऐकवायची, "बाई, तुमच्या डब्यात रोज तेच का हो असतं?" बाई घरी जाताना दुसऱ्या दिवशी डब्यात काय न्यावं याचा विचार करायला लागल्या. एकटीसाठी त्यांनी तो कधी केला नव्हता.

एकदा पूर्ण ओळ वाजवून झाल्यावर बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. तेच नाकातलं वळण, तोच सुराच्या कडेला लागलेला घसरा. हुबेहूब.

"मी अशी गुणगुणते?"

"अश्शीच." रेडिओने क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि ओठ मिटून म्हणून दाखवलं. "आणि इथे, हे बघा, या जागी तुम्ही थोड्या मागे राहता. दरवेळी. कुणी हाक मारतंय का ते ऐकत असल्यासारख्या."

बाई डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते नीट बसेना.

"ते ठेवू का काढू?" पोरीने विचारलं. नक्कल करणारीचा तो साधा, कामाचा प्रश्न होता.

"काढ," बाई म्हणाल्या. "लयीचे गुण जातील."

मूल्यमापनाच्या दिवशी सभागृहात शिरताना मुलांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. झांजवाल्याच्या झांजा नुसत्या हातातच किणकिणत होत्या. मागे अंधारात तीन दिवे. त्यातल्या एकापाशी कुणीतरी जोरात नाक शिंकरलं आणि रांगेतून दबकी खसखस पिकली. बाईंनी हात वर केला.

त्यांच्या तोंडात काही नव्हतं, ना गोळी, ना पाणी. त्यांनी दात नुसते एकावर एक ठेवले. सूर सुरू झाला, साथ आली, ट्यूबा आला. मधली ओळ जवळ यायला लागली तसा बाईंचा गळा आतून भरून आला, शिंक अडवून धरावी तसा. आणि ती ओळ आली. दुसऱ्या रांगेतून, लाकडी, गोल आवाजात, ना पुढे ना मागे. बाई जिथे रेंगाळायच्या ती जागा आली. पोरगी तिथे क्षणभरही थांबली नाही. सांगितलं होतं तशीच, अगदी काट्यावर, पुढे निघून गेली. भोक बुजलं. आपलीच ओळ आणि त्यात आपण कुठेच नाही, हे ऐकत बाई हात फिरवत राहिल्या. गळ्यातलं आपोआप खाली बसलं.

निकाल तासाभरात दाराबाहेर लागला. तिघांकडूनही 'उत्तम'. झांजवाल्याने ट्यूबावाल्याला ट्यूबासकट मिठी मारली. रेडिओची आई गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, "बाई, खरं सांगू, हिचं क्लॅरिनेट मला वेगळं असं काही ऐकू आलं नाही." रेडिओ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग नीटच वाजवलं ना मी!" बाईंनी मोठ्या बाईंना फोन लावला. "म्हणजे बघा, मला खात्रीच होती," पलीकडून आलं. तास वाचला होता. ग्रंथालयाला दुसरा माणूस बघावा लागणार होता. बाईंचा जीव भांड्यात पडला.

परतीच्या बसमध्ये बाई पुढे, चालकाच्या मागच्या बाकावर बसल्या. शेजारच्या जागेवर ढोल ठेवला होता. मागे कुणीतरी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. सर्दीवाले परीक्षक कुजबुजत होते, "...मधल्या आवाजाने सगळं कसं बांधून ठेवलंय... सुरेख... आणि संचालक यंदा गप्प आहेत. ... आभार." बसमध्ये असा गिल्ला झाला की चालक दचकून आरशात बघायला लागला.

मग कुणीतरी धून तोंडाने सुरू केली. लगेच दुसऱ्यांनी साथ धरली. ट्यूबावाला पोटातून "भों, भों" करायला लागला. बाईंच्या ओठांशी आपसूक म्म् आलं. आता इथे कुठला परीक्षक! त्यांनी श्वास घेतला, मधल्या ओळीची जागा यायची वाट बघितली, आणि जागा आली तेव्हा रेडिओचा खणखणीत आवाज त्यांच्याआधीच तिथे होता. तिच्या जोडीला आता आणखी तिघी-चौघी. मधली ओळ एकदम सगळ्यांना हवीशी झाली होती.

बाईंनी साथीची ओळ शोधली. तिथे गर्दी होती. सूर तर काय, अर्धी बस म्हणत होती. चारच ओळी होत्या, आणि चारही भरल्या होत्या.

"बाई, जरा गप्प करा की या कारट्यांना," चालक म्हणाला. "डोकं उठलं."

"म्हणू द्या हो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणत ते?"

"मी शिकवते."

बाहेर दिवे लागत होते. एका वळणावर ढोल कलंडायला लागला तसा बाईंनी त्याच्यावर हात ठेवला आणि शाळा येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मागे मुलांनी धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.