एकही रकाना लाल झाला नाही

माझी सून स्मिता गेली, त्याला आज वर्ष झालं. लोकांच्या चुका दाखवायचा तिला पगार मिळायचा. घरात तेच काम मी फुकट करत होते.

हे मी सांगतेय आणि टाइप करतेय स्मिताची मुलगी, ईश्वरी. मला अक्षर येत नाही. आकडे येतात, तेवढ्यावर आयुष्य काढलं. माझी भाषा इथे फारच इस्त्री केलेली वाटली, तर तो हात तिचा.

स्मिता कंप्युटरवर फॉर्म बनवायची. नावड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर तिचा लॅपटॉप, समोर माझी मेथीची जुडी. चुकीचं भरलं की रकाना लाल होतो, एवढं मला मेथी निवडता निवडता कळलं.

वाशीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम तिच्या कंपनीला मिळालं. पेशंटने मोबाइलवरूनच नाव नोंदवायचं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं; ऑपरेशनचा नंबर तिथेच लावायचा होता. म्हणून फॉर्म पहिला भरणार मी. ती वाचून दाखवायची, मी दाबायचे.

मोबाइल नंबर आला. तो मला पाठ. पहिला आकडा दाबला, लगेच रकाना लाल.

म्हटलं, "अजून नऊ आकडे बाकी हायत, नि हा आत्ताच चूक काढतो? मी सासू हाय, तरी तुला वाक्य पुरं करू देते."

ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग तिने ते बदललं. माणसाचं सांगून होईपर्यंत फॉर्मने गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी भरता भरता माझ्या बहिणीचा फोन आला. आमचा फोन काय दोन मिनिटांत संपत नाही. परत येऊन बघते तर सगळं कोरं. मी म्हटलं, तुझा फॉर्म माझ्यापेक्षा विसराळू आहे.

तेही तिने सुधारलं. फोन घ्या, पोळ्या लाटून या, सांगितलेलं जिथल्या तिथे.

अडलं ते जन्मतारखेवर.

मला ती माहीत नाही. आई सांगायची, भातकापणीत झालीस. माझ्या आधार कार्डावर नुसतं साल आहे, तेही कार्डवाल्याने माझ्या तोंडाकडे बघून ठरवलेलं. फॉर्मला दिवस हवा, महिना हवा. नाही दिला की लाल.

महेश, माझा मुलगा, म्हणाला, एक जानेवारी टाका. सगळ्यांचे आजी-आजोबा एक जानेवारीलाच जन्मतात.

टाकली. फॉर्म खूश. नंबर लागला, दवाखान्यात गेलो, तर काउंटरवरून परत. कार्डावर तारीख नाही, मग फॉर्मवर कुठून आली?

डोळा तसाच घेऊन घरी आले.

त्या दिवशी स्मिता स्वतःच लाल झाली. तिथल्या साहेबांना फोन लावला. आवाज चढवला नाही तिने, पण मेथी निवडायची मी थांबले.

"सर, तुमचा फॉर्म आधी म्हाताऱ्या माणसाला खोटं बोलायला लावतो, आणि मग खोटं बोललं म्हणून परत पाठवतो."

साहेब म्हणे, कंपल्सरी म्हणजे कंपल्सरी. पण तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी फॉर्मवर एक नवं बटण आलं, 'तारीख माहीत नाही'. ते दाबलं की फक्त अंदाजे वय विचारायचं.

ते बटण पहिलं मी दाबलं. लाल झालं नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि त्या डोळ्याने मी पहिलं नीट पाहिलं ते स्मिताला.

डोळे पिवळे. गळ्याची हाडं वर आलेली.

"किती सुकलीस गं. कधीपासून?"

"आई, तुम्हाला आता जरा जास्तच दिसायला लागलंय."

तपासण्या झाल्या. उशीर झाला होता. चार महिने मिळाले. त्यातही ती लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि मी ओरडायचे.

ती गेल्यावर दाखल्यासाठी फॉर्म भरायचा होता. महेश भरत होता, मी शेजारी बसले.

नाव. पत्ता. जन्मतारीख, तिची पक्की होती, तिच्या आईने वेळेसकट लिहून ठेवलेली. मग गेल्याची तारीख.

मी एकेक रकाना बघत होते. एक तरी लाल होईल. एक तरी म्हणेल, हे चुकलंय, पुन्हा बघा.

एकही झाला नाही.

महेशने सबमिट दाबलं. फॉर्म गेला.

ईश्वरी विचारतेय, शेवटी श्रद्धांजलीचं ते नेहमीचं टाकू का. नको. मी सांगते तसं लिही.

स्मिता, डोळा चांगला आहे. तुला माझा नमस्कार.

सासू सुनेला नमस्कार करत नाही, मला माहीत आहे. कुणाला चूक काढायची असेल त्याने आधी माझं बोलून होऊ द्यावं.